मास्तरांचं अळणी जेवण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. फादरांना? दर शनिवारी मी पापनिवेदनाला जात होते, गुडघे टेकत होते, "मी खोटं बोलले" असंही म्हणत होते. पण काय खोटं, कोणाबद्दल, त्याने कोणाचं काय झालं — ते फादर बसतात त्या जाळीपलीकडे कधी गेलं नाही. फादर प्रार्थना म्हणायला सांगायचे, मी म्हणायची आणि घरी यायची. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं असावं का?

तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगता येतंय, की आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यातलं कोणी उरलं नाही म्हणून — मला ठाऊक नाही. कुठून सुरुवात करावी तेही कळत नाही. कामापासून करते.

स्वातंत्र्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. माणिकपूरला स्टेशनच्या वाटेवर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे मी नर्स होते. नर्स म्हणायचं आपलं. मुंबईच्या एका इस्पितळात थोडंफार शिकून आले होते एवढंच. डॉक्टर मोठे कडक. हृदयाच्या दुखण्याचे काही रोगी त्यांच्याकडे होते — पायांवर सूज, चार पावलं टाकली की धाप, आडवं झालं की जीव गुदमरणार. तेव्हा औषधं ती किती असणार? एक गोळी, अंगातलं पाणी लघवीवाटे काढायचं एक इंजेक्शन, आणि मीठ बंद. डॉक्टर म्हणायचे, मी सुईने पाणी काढतो आणि हे लोक जिभेने परत भरतात. म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. रोग्यांच्या घरी जायचं, चुलीपाशी जायचं, भांड्यातलं चाखायचं, आणि मीठ आहे की नाही ते डॉक्टरांना येऊन सांगायचं.

आमच्या वसईत मीठ बंद करा म्हणणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. सुकी मासळी मिठाची, लोणचं मिठाचं, आणि जूचंद्रकडे तर माणसं मिठागरातच जन्म काढायची. तिथली एक म्हातारी मला बघून हंडीवर पदर टाकायची. "आता मीठ पन तुला इचारून खायाचा काय गं बाय?" राजोडीला एका घरात मी शिरले की मागच्या दाराने सुकटीचं ताट बाहेर जायचं. मुलांनी मला नावच पाडलं होतं — अळणी बाय. मी हसायची. घरी येऊन रडायचीसुद्धा. लग्न झालेलं नव्हतं, वडील लहानपणीच गेलेले, आणि ज्या दारात जावं तिथे माझं तोंड बघून माणसांची तोंडं पडायची.

फक्त बस्त्याव मास्तरांच्या घरी तसं नव्हतं.

मास्तरांनी मला अक्षर शिकवलं होतं. आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं. उंच, सावळे, आवाज असा की वर्गाबाहेर विहिरीवरच्या बायकांनाही कविता पाठ व्हायच्या. तो माणूस आता ओट्यावरच्या आरामखुर्चीत उशांना टेकून बसलेला असायचा, पाय सुजून खांबासारखे झालेले, आणि एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागायचं. बायको आधीच गेलेली. मुलगा इनास मुंबईला एका कचेरीत कामाला, सकाळी जायचा तो दिवेलागणीला परत. घरात सून फिलू आणि तिची लहान मुलगी.

फिलूबद्दल नीट सांगायला हवं. निदान इथे तरी. ती बोलायला गोड नव्हती. सासऱ्याशी फार बोलायचीच नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेलं तिने जसं पाळलं तसं मी दुसऱ्या एकाही घरात पाहिलं नाही. दुध्याची भाजी, वरण, तांदळाची भाकरी — कशात मिठाचा कण नाही. चव यावी म्हणून लिंबू पिळायची, लसूण ठेचून घालायची, ओली मिरची, कोथिंबीर, काय काय करून बघायची. एकदा मी तिच्या स्वतःच्या ताटातलं चाखलं. तेही अळणी. मी विचारलं तर म्हणाली, "ते एकटेच कसे खातील गं तसलं?" आणि लगेच, "त्यांना सांगू नकोस. लाजतील."

हे मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मास्तर मात्र तिच्यावर चिडलेले असायचे. आजाऱ्याला कोणावर तरी चिडावंच लागतं. "मोने," मला म्हणायचे, "ही पोरगी मला उपाशी मारणार. माती खाल्ल्यासारखं लागतं सगळं." आणि एका दुपारी, फिलू केळीच्या वाडीत गेली होती तेव्हा, त्यांनी माझा हात धरला. ज्या हाताने त्यांनी माझा हात धरून मला 'अ' गिरवायला लावला होता, तोच हात. म्हणाले, "तुझ्या आईच्या हातची खारवलेली कैरी मी शाळेत शिकवत असताना खायचो. एक फोड आणशील?"

मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले. मग दुसऱ्या खेपेला घेऊन गेले.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे. दया आली, असं मी बरीच वर्षं धरून चालले. दया होती, नाही असं नाही. पण ती फोड तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा माझ्याकडे जे बघितलं — तसं माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. "तूच माझी खरी लेक," म्हणाले. ते ऐकायला मी पुन्हा गेले. कैरी झाली, मग लोणचं झालं, मग केळीच्या पानात गुंडाळून भाजलेले सुके बोंबील. फिलू मागे भांडी घासत असायची आणि आम्ही दोघं ओट्यावर चोरासारखे हसायचो. मी, जिला मीठ शोधायला पगार मिळत होता! काटे मी पदरात बांधून न्यायची आणि वाटेत कुंपणापलीकडे टाकायची. आणि घरात शिरून फिलूची भाजी चाखायची, मान डोलवायची — ठीक आहे, अळणी आहे.

मिठाने काय होतं हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. दुसऱ्यांच्या घरी तेच सांगत तर मी फिरत होते. एवढ्याशा तुकड्याने काय होणार, असं मी म्हणायची. आणि तुकडे वाढत गेले.

सूज चढली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतरली, पुन्हा चढली. मांड्यांपर्यंत आली. मास्तरांच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला. शेवटी एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, डॉक्टर स्वतः सायकलवरून घरी आले. इनास घरीच होता. शेजारची दोनचार माणसं अंगणात उभी होती. डॉक्टरांनी मास्तरांच्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मोनिका, स्वयंपाकघर तू बघतेस. मीठ जातंय कुठून?"

तेव्हा सांगायचं होतं. तो क्षण होता. मास्तर माझ्याकडे बघत होते. फिलू दारात पदराला हात पुसत उभी होती, अगदी निर्धास्त — कारण मी रोज चाखत होते, मला माहीत होतं, मी सांगणार होते.

मी म्हणाले, "मी असते तेव्हा तरी अळणीच असतं, डॉक्टर."

मी असते तेव्हा. बघा, शब्द न शब्द खरा आहे. मी तो तसा जुळवला नव्हता, आपोआप तोंडातून आला — पण आला तेव्हा मला कळलं होतं तो कुठे जाऊन लागणार. इनासने मान वळवून बायकोकडे बघितलं. अंगणातली माणसंही बघायला लागली.

"मी नाही घातलं," फिलू म्हणाली. "मोनीला विचारा ना. ती रोज चाखते. मोनी, सांग."

मी पिशवी उचलली. म्हणाले, "मला राजोडीला जायचं आहे, उशीर होतोय." आणि निघाले. कुंपणाशी पोचेपर्यंत मला इनासचा आवाज ऐकू आला. तो कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता.

त्या आठवड्यात त्याने तिला आणि मुलीला बैलगाडीत घालून माहेरी, आगाशीकडे, पोचवलं. सासऱ्याचा जाच होतो म्हणून त्याला संपवायला निघाली होती, असं लोक बोलायला लागले. विहिरीवर, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात. ज्यांनी तिच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं तेही बोलायला लागले. मी त्यांच्यात उभी असायची. मी काही बोलत नव्हते. लोकांना वाटायचं, मोनी भली, ती कोणाची निंदा करत नाही.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात जड जातं — नाही, सगळ्यात जड पुढे आहे. पण हेही आहे. फिलू गेल्यावर मी मास्तरांना काही देणं बंद केलं. शहाणपण म्हणून नाही, भीतीने. आता पकडले गेले तर? इनासची एक चुलत बहीण स्वयंपाकाला येऊ लागली होती, ती सगळीकडे नजर ठेवायची. मी रिकाम्या हाताने जायला लागले. आणि मास्तरांची सूज उतरली. पाय पुन्हा पायांसारखे दिसायला लागले. डॉक्टर खूष झाले. सगळ्या वाडीला पुरावा मिळाला — बघा, सून गेली आणि म्हातारा बरा झाला!

पण मास्तरांना माहीत होतं. माझ्याइतकंच माहीत होतं. बरं वाटायला लागलं तसं त्यांना बोलता येऊ लागलं, आणि एकदा चुलत बहीण पाणी भरायला गेली असताना ते म्हणाले, "मोने, फिलूला बोलवायला हवं. आपण इनासला सांगू या. दोघं मिळून सांगू."

मी त्यांच्या पायाशी बसले. रडले. काम जाईल म्हणाले, डॉक्टर मला दारात उभं करणार नाहीत, माझं लग्न व्हायचं आहे, आईला कोण बघेल — जे सुचलं ते सगळं बोलले. खरंही होतं ते. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, "खाल्लं मी. चूक माझीही आहे. पण ती पोर तिकडे बसली आहे ना. नाताळच्या आधी तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

त्यानंतर त्यांनी मला लेक म्हटलं नाही. मी जायची, नाडी बघायची, चाखायची, यायची. नाताळ जवळ येत होता. घरोघर तळायच्या फुग्यांचं पीठ, करंज्या, पोरं गव्हाणीसाठी गवत गोळा करत फिरत होती. मी रोज ठरवायची — आज सांगते. आणि रोज मनात एक दुसरंच काहीतरी हलायचं, ज्याकडे मी बघत नव्हते.

एका सकाळी दवाखान्यात इनास आला. दारातच म्हणाला, "मोनीबाय, बाबा गेले. चहा घेता घेता."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

हे ते. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांनी मला वाचायला शिकवलं, ते गेले, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आता कोणी सांगणार नाही. दुःख नंतर आलं, खूप आलं, मी रडले ते खोटं नव्हतं. पण ते दुसरं होतं. पहिलं हे होतं. डॉक्टर नंतर म्हणाले की त्यांचं हृदय तसंही फार दिवस चालणारं नव्हतं. असेल. त्याने माझं काय बदलतं?

मातीच्या वेळी इनासने मला घरच्यांच्या रांगेत उभं केलं. म्हणाला, "बाबा तुला लेक म्हणायचे. तू लेकीच्या जागी उभी राहा." मी उभी राहिले. फिलू आगाशीहून चालत आली होती, मुलीला कडेवर घेऊन. तिला कोणी अडवलं नाही, पण वाटही कोणी दिली नाही. ती मागे, सगळ्यात मागे, भिंतीशी उभी होती. मी मूठभर माती टाकली आणि बाहेर पडताना तिच्या अगदी जवळून गेले. तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, मी थांबेन.

पुढच्या वर्षी फादरांनी मध्ये पडून इनासला समजावलं आणि तो तिला परत घेऊन आला. माफ केलं, असं त्याने म्हटलं. न केलेल्या गोष्टीची माफी घेऊन ती त्या घरात राहिली. वाडीत लग्नकार्याच्या स्वयंपाकाला बायका जमायच्या तेव्हा तिला भाजी चिरायला देत, पण मीठ घालायला दुसरीला बोलावत. हसत हसत. ती पण हसायची.

मग तिला मुलगा झाला. नाव बस्त्याव ठेवायचं ठरलं. आणि बाप्तिस्म्याला धर्ममाता कोण? फिलू माझ्या घरी आली, उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "मोनी, सगळे मला बोलले. तू एकटी माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाहीस. तूच हो."

नाही म्हणता आलं असतं ना? निदान तेवढं? मी हो म्हणाले. बाळाला हातात घेऊन चर्चमध्ये उभी राहिले. फादरांनी विचारलं, सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कामांचा त्याग करतेस का? मी म्हणाले, करते. बाळ झोपलं होतं. फिलू इतकी आनंदात होती, की मला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर किती वर्षं गेली. माझं लग्न झालं नाही. दवाखाना सुटला, डॉक्टर गेले, इनास गेला. बस्त्याव मोठा झाला, मला मोनीआई म्हणतो, नाताळला केक घेऊन येतो, पाया पडतो. फिलू आणि मी मैत्रिणीच झालो म्हणा. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसायचो. तिच्या शेजारी बसून मी किती वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच काही बोलले — विहिरीचं पाणी आटलं, पोरीला स्थळ आलं.

शेवटी ती आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, उठत नव्हती. मी जाऊन बसायची. शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिने माझ्याकडे तोंड वळवलं आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली — मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते — "मोनी, खरं सांग. तू रोज चाखायचीस. मी कधी चुकून मीठ घातलं असेन का गं? पोरगी लहान होती, घाई असायची. हात गेला असेल का?"

इतकी वर्षं लोकांचं ऐकून तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती.

खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर बस्त्याव सायकल पुसत होता. कोणी येणार नव्हतं, कोणी ऐकणार नव्हतं, काम जाणार नव्हतं, माझं काहीही जाणार नव्हतं. फक्त ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर गेली असती.

मी म्हणाले, "जाऊ दे गं. आता कशाला ते."

तिने तोंड पुन्हा छताकडे वळवलं. मग म्हणाली, "म्हणजे घातलं असेन."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. नाही म्हटलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली, तसंच समजून.

मीठ मी घातलं होतं.